टर्बाईनच्या तप्त वायूला पूरक ज्वलनाची जोड

गॅसवर चालणारे टर्बाईन हे विमानाच्या जेट इंजिनाचे भावंडच होय. बाहेरील हवा आत ओढून दाबावयाची, त्या हवेत इंधन जाळावयाचे आणि प्रसरण पावणाऱ्या तप्त वायूंकडून पाती फिरवून घ्यावयाची, एवढेच त्याचे कार्य. परंतु हे कार्य उरकून वायू बाहेर पडतात तेव्हाही त्यांचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअस इतके असते. ते तसेच धुराड्यावाटे सोडून दिले, तर इंधनातील सुमारे दोन तृतीयांश उष्णता आकाशात जाते. ही नासाडी थांबविण्यासाठी टर्बाईनच्या मागे उष्णता परत मिळविणारा बॉयलर जोडण्यात येतो. त्यात तयार झालेल्या वाफेवर दुसरे टर्बाईन फिरते. यालाच संयुक्त चक्र असे म्हणतात.

या व्यवस्थेचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यातील उरण येथे १९८२ साली गॅस टर्बाईनचे पहिले संच सुरू झाले. १९८५ साली तेथे प्रत्येकी १०८ मेगावॉट क्षमतेचे चार संच आले व १९९४ साली त्यांच्या बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर चालणारे प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच उभे राहिले. म्हणजे ४३२ मेगावॉटच्या टर्बाईनांमागे पूर्वी वाया जाणाऱ्या उष्णतेतून २४० मेगावॉटची क्षमता हाती आली.

आता प्रश्न असा की, याहून अधिक वाफ हवी असल्यास काय करावे? येथेच पूरक बर्नरचा विषय येतो.

जळूनही उरलेला प्राणवायू

एकदा जळून बाहेर आलेल्या वायूत पुन्हा इंधन पेटेल कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. चुलीचा धूर दुसऱ्या चुलीत सोडला तर ती विझेल, हा आपला नेहमीचा अनुभव. गॅस टर्बाईनचे मात्र तसे नाही. पाती अतितापाने खराब होऊ नयेत म्हणून ज्वलनास लागते त्याच्या सुमारे तिप्पट हवा त्यातून नेण्यात येते. परिणामी, साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, तर या बाहेर पडणाऱ्या वायूत तो १३ ते १५ टक्के उरलेला असतो. टर्बाईन व बॉयलर यांना जोडणाऱ्या रुंद मार्गात आडव्या नळ्यांची जाळी बसवून तीमधून गॅस सोडला म्हणजे तो या उरलेल्या प्राणवायूवर जळू शकतो. वायूचे तापमान त्यामुळे ७५० अंशांपर्यंत सहज नेता येते. त्याहून बरेच वर जावयाचे असल्यास बॉयलरच्या भिंतीच पाण्याच्या नळ्यांनी बांधाव्या लागतात आणि खर्च वाढतो.

ज्योत सर्वत्र सारखी पसरणे फार महत्त्वाचे असते. ती नळ्यांना थेट भिडली किंवा एका बाजूस अधिक तापली, तर धातू कमजोर होऊन नळी फुटण्याचा संभव असतो. पेटविण्यापूर्वी मार्गात साचलेला गॅस हवेच्या झोताने पूर्णपणे बाहेर काढावा लागतो. ज्योत विझताच गॅस बंद करणारी स्वयंचलित यंत्रणाही आवश्यक असते. या बाबतीत कोणतीही सवलत असू नये.

हिशेब दोन प्रकारचा

या बर्नरचे गुण सांगताना एका गोष्टीचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो. संयुक्त चक्रात मुख्य टर्बाईनमध्ये जाळलेल्या इंधनापासून दोनदा काम होते, प्रथम टर्बाईनमध्ये व नंतर वाफेत. पूरक बर्नरमधील इंधनाला पहिली संधी मिळतच नाही. ढोबळ मानाने सांगावयाचे तर, मुख्य टर्बाईनमार्गे १०० भाग उष्णतेपासून सुमारे ५० भाग वीज मिळते, नव्या यंत्रांत याहूनही अधिक. तेच १०० भाग पूरक बर्नरमध्ये जाळले तर जेमतेम ३५ भाग हाती लागतात. केंद्राचे एकूण उत्पादन वाढते, पण कार्यक्षमता घटते.

मग हा खटाटोप कशासाठी? एक कारण उन्हाळ्याचे आहे. गॅस टर्बाईनची क्षमता १५ अंश तापमानाच्या हवेवर ठरविलेली असते. हवा तापली की विरळ होते आणि दर अंशामागे उत्पादन सुमारे अर्धा ते पाऊण टक्का घसरते. ४० अंशांच्या दुपारी सुमारे सातवा हिस्सा गळून पडतो आणि नेमकी त्याच वेळी पंख्यांची व पंपांची मागणी चढलेली असते. अशा काही तासांपुरती पूरक बर्नरने तूट भरून काढणे, केवळ त्या तासांसाठी नवा संच उभारण्यापेक्षा स्वस्त पडते. मात्र वाढीव वाफ पेलेल असे वाफेचे टर्बाईन आरंभीच मोठे घ्यावे लागते व बर्नर बंद असताना त्याची जादा क्षमता पडून राहते. हा निर्णय आराखड्याच्या वेळीच घ्यावयाचा असतो.

खत कारखाना, तेलशुद्धीकरण अथवा कागद गिरणी यांसारख्या ठिकाणी वीज व वाफ दोन्ही लागतात. तेथे हिशेब अगदी उलटा होतो. साध्या बॉयलरमध्ये इंधनाबरोबर थंड हवाही तापवावी लागते आणि ती उष्णता धुराड्यातून निघून जाते. पूरक बर्नरला नव्या हवेची गरज नसते, त्यामुळे त्याच्या इंधनातील जवळजवळ सर्व उष्णता वाफेत उतरते. वाफेची गरज दिवसागणिक बदलत असेल, तर टर्बाईनला न छेडता बर्नर कमीजास्त करून भागते. पंख्याने बाहेरची हवा पुरविण्याची सोय असल्यास टर्बाईन दुरुस्तीसाठी बंद असतानाही काही बर्नर वाफ चालू ठेवू शकतात. आमच्या मते पूरक ज्वलनाची खरी जागा हीच आहे.

गॅस मर्यादित असणाऱ्या प्रदेशात हा भेद महत्त्वाचा ठरतो. थळ येथील खत कारखान्यात गॅस हा युरियाचा कच्चा माल आहे, निव्वळ जळण नव्हे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील पुरवठा आटल्यामुळे २०१३ नंतर काही काळ दाभोळच्या केंद्रातील वीजनिर्मिती थांबली होती, हेही विसरता येत नाही. यंत्रे उभी आणि गॅस नाही अशी वेळ येते तेव्हा असलेला गॅस आधी मुख्य टर्बाईनला द्यावा, हे उघड आहे.

अशा प्रकल्पाची जनसुनावणी ज्या परिसरात होते, तेथील पंचायत सदस्यांनी दोन बाबी विचारून घ्याव्यात. वाढीव वाफ थंड करण्यास पाणी अधिक लागते. ते कोठून येणार? आणि बर्नरमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. धुराड्यावरील मोजणी बर्नर पेटलेले असताना केली जाणार की बंद असताना? बर्नरच्या नळीवर गॅसचा स्वतंत्र मापक असावा व त्याची नोंद मुख्य टर्बाईनच्या नोंदीत मिसळू नये. तरच पूरक बर्नर किती तास पेटले आणि त्यांपासून मिळालेली वीज कोणत्या दराने पडली, हे वर्षअखेरीस सांगता येईल.