निंबोळीचा साबण व मोजमापाचे शिक्षण

पावसाळ्याच्या तोंडी कडुनिंबाखाली पडणारी निंबोळी पुष्कळ ठिकाणी वाया जाते. तिच्या अखाद्य तेलाचा साबण केल्यास खाण्याचे तेल स्वयंपाकासाठी राहते. मुंबई उपनगरात बोरिवली येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्था असून तेथे साबणासारख्या ग्रामोद्योगांचे शिक्षण दिले जाते.

तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन तयार होतात. एक किलो निंबोळी तेलास सुमारे 135 ग्रॅम शुद्ध सोडा लागतो. तो अधिक झाल्यास साबणाने कातडी भाजते. फार कमी पडल्यास साबण तेलकट राहतो. म्हणून अंदाज सोडून तराजू हाती धरणे, हेच या शिक्षणाचे मर्म होय. सोडा थंड पाण्यात थोडा थोडा घालावा; सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण ते उसळून डोळ्यांस इजा होते. ॲल्युमिनियमचे भांडे सोडा खातो, म्हणून ते वर्ज्य समजावे.

तेल काढल्यावर उरणारी पेंड उत्तम खत होय. ती शेतात घालावी. ज्या शेतकरी बंधुभगिनींस हा जोडधंदा करावयाचा असेल, त्यांनी प्रथम रीतसर शिक्षण घ्यावे व मगच भांडवल गुंतवावे.