लॅनियनच्या वाटेने: समुद्र, कडे आणि कथिलाच्या खाणी

कॉर्नवॉलला आपल्या मंडळातली बहुतेक कुटुंबं एकदा तरी जाऊन आलेली आहेत. लँड्स एंडच्या पाटीखाली फोटो, सेंट आइव्ह्जच्या वाळूत मुलं, वाटेत पेस्टी (आपल्या करंजीची तिखटामिठाची थोरली बहीण!) आणि परत. यंदा मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला आम्ही तीन कुटुंबांनी तीच सहल जरा वेगळ्या वाटेनं केली. वाटाड्या होता पीटर लॅनियन हा चित्रकार.

लॅनियन १९१८ साली सेंट आइव्ह्जलाच जन्मला. हे मुद्दाम सांगायचं कारण, तिथले नावाजलेले बरेच कलावंत बाहेरून आलेले. बेन निकल्सन, बार्बरा हेपवर्थ, नाउम गाबो ही मंडळी १९३९ साली युद्धाच्या तोंडावर तिथं आली. लॅनियन त्यांच्याकडून शिकला, पण किनारा आणि खाणी त्याच्या घरच्या होत्या. एका जागी बसून समोरचा देखावा उतरवणं त्याला मान्य नव्हतं. तो कड्यावर चढे, खाली उतरे, परत परत त्याच जागी जाई आणि सगळ्या बाजू एकाच चित्रात आणी. ‘पोर्थलेव्हन’ हे त्याचं १९५१ सालचं चित्र टेट संग्रहालयाकडे आहे. त्याचं पोस्टकार्ड बघून आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, “यात बंदर कुठं आहे हो?” मग पोर्थलेव्हनलाच गेलो. धक्क्यावर उभं राहून, मग वरच्या रस्त्यावरून, मग घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जाऊन पाहिलं. तिसऱ्या फेरीला वहिनींनाच आधी आतलं बंदर सापडलं.

दुसऱ्या दिवशी सेंट आइव्ह्जहून सेंट जस्टकडे निघालो. तेरा-चौदा मैलांचा अरुंद रस्ता, एका बाजूला दगडी बांधांची शेतं, दुसऱ्या बाजूला अटलांटिक. पेंडीनजवळ खाणींची धुराडी दिसू लागतात. पुढे बोटॅलकला कड्याच्या पार खाली, लाटांच्या तोंडाशी दोन इंजिनघरं उभी आहेत. फोटोला फारच सुरेख. पण इथल्या खाणी समुद्राच्या तळाखाली गेलेल्या होत्या आणि वादळात डोक्यावर धोंडे गडगडताना ऐकू येत, असं जुन्या वर्णनांत आहे.

आम्ही पडलो रसायनशास्त्राचे, त्यामुळे सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो ते सोमलाच्या भट्टीपाशी. कथिलाच्या खनिजात सोमल मिसळलेला असतो. खनिज भाजलं की त्याची वाफ होते. ती वेड्यावाकड्या दगडी दालनांतून फिरवायची, म्हणजे थंड होऊन भिंतींवर पांढरी भुकटी धरते. ती पुढे कीटकनाशकांसाठी विकली जाई. भुकटी खरवडणारी माणसं अंगाला चिकणमाती फासून आणि नाकात कापूस घालून आत जात. ज्याला आपण प्रयोगशाळेत हातमोज्यांशिवाय शिवत नाही, ते! कथील म्हणजे काय, हे मुलांना सांगताना कल्हईवाल्यापासून सुरुवात करावी लागली. तीही त्यांना ठाऊक नव्हती, हा भाग वेगळा.

शेजारची लेव्हंट ही तांब्या-कथिलाची खाण. तिथं वर-खाली हलणारा एक लांबच लांब लाकडी दांडा होता. त्याच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, दांडा वर गेला की बाजूच्या फळीवर उतरायचं, पुन्हा पुढच्या पायरीवर. असं करत कामगार वर येत. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी संपवून माणसं वर येत असताना दांड्याचा वरचा जोड तुटला. ३१ जण गेले. लॅनियन तेव्हा दीड-दोन वर्षांचा. १९५३ साली त्यानं ‘सेंट जस्ट’ हे मोठं चित्र पूर्ण केलं. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत खाणीच्या विहिरीचा काळा पट्टा आहे. चित्रकाराच्या मनात तो क्रूस होता. हिरवी शेतं आहेत, पण ती त्या काळ्याच्या दोन्ही अंगांना. आम्हाला वाटतं, निसर्गचित्र याहून खरं असू शकत नाही.

जीव्हर ही या भागात शेवटी चाललेली मोठी खाण. १९८५ साली कथिलाचे भाव कोसळले आणि १९९० साली ती बंद पडली. आता तिथं संग्रहालय आहे. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्ही भारतातले म्हणताच विचारलं, “कोलार?” त्यांच्या घराण्यातलं कोणी तिथल्या सोन्याच्या खाणीत गेलं होतं. खाणी बसल्या की इथली माणसं जगभर पांगली. घरी पैसे पाठवत, पत्रं लिहीत. आमच्यातले काका बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिले. मुलांना आइस्क्रीम हवं होतं.

लॅनियनला पुढे जमिनीवरून बघणंही पुरेना. १९५९ साली तो ग्लायडिंग शिकू लागला आणि वाऱ्याची, हवेच्या झोतांची चित्रं काढू लागला. १९६४ साली ग्लायडरच्या अपघातानंतर तो वारला, वय अवघं शेहेचाळीस.

जाणाऱ्यांसाठी: बोटॅलकच्या कड्यावर मुलांचा हात सोडू नका, जुन्या विहिरींभोवतीची कुंपणं ओलांडू नका. वारा फार, छत्रीचा उपयोग नाही. थर्मासमधला चहा मात्र हवाच.