ज्यांच्या हातून बाबासाहेब आपल्यापर्यंत पोहोचले

आपल्या विहाराच्या फळ्यावर वर्षाच्या तारखा ठरलेल्या असतात. ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब, वैशाखात बुद्धपौर्णिमा, २७ मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन. त्या दिवशी महिला मंडळाच्या भगिनी पांढऱ्या साड्या नेसून येतात, त्रिसरण-पंचशील होते, रमाईंची गाणी होतात आणि गाता गाता म्हाताऱ्या बायांचे डोळे भरून येतात. नंतर दोनच दिवसांनी २९ मे येतो. त्या दिवशी बहुतेक फळे कोरे असतात. २००३ साली याच तारखेला डॉ. सविता तथा माईसाहेब आंबेडकर मुंबईत जे. जे. रुग्णालयात कालवश झाल्या, हे आपल्या किती घरांत आठवते?

२००१ ते २०१० हे दशक आपल्या समाजाला फार जड गेले. नेता गेला की वर्तमानपत्रात बातमी येते, चौकात फलक लागतो, शोकसभेत भाषणे होतात. या दशकात मात्र अशीही माणसे गेली, ज्यांनी बाबासाहेबांना जवळून पाहिले, त्यांचा कागद हाताळला, त्यांचे अक्षर लावले, त्यांचा शब्द वस्तीवस्तीत पोहोचवला. त्यांत एक कचेरीतला कारकून होता, एक डॉक्टर बाई होत्या, एक ग्रंथवेडा होता, एक सरकारी अधिकारी होता आणि एक शाहीर होता. मतदानाच्या भिंतीपत्रकावर यांचे चेहरे कधी छापले गेले नाहीत. पण आज आपल्या घरात बाबासाहेबांचे जे पुस्तक आहे, विहाराच्या भिंतीवर जो संदेश रंगवलेला आहे, नामकरणाला आणि लग्नाला जे गाणे म्हटले जाते, ते यांच्यापैकीच कुणाच्या तरी हातून आपल्याकडे आले आहे.

रात्रीचा टंकलेखक

नानकचंद रत्तू हे पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातले. दिल्लीत सरकारी नोकरी करीत. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून माणूस घरी परततो. रत्तू मात्र कचेरी सुटली की बाबासाहेबांच्या बंगल्यावर जात. शेवटच्या वर्षांत हा बंगला म्हणजे २६, अलीपूर रोड. बाबासाहेब लिहीत आणि रत्तू ते टंकित करीत, रात्री उशिरापर्यंत. बाबासाहेबांची दृष्टी मंदावली होती, पाय साथ देत नव्हते, तरी लेखन थांबले नव्हते. ते लेखन छापखान्यात जाण्याजोगे झाले त्यात या माणसाच्या बोटांचा मोठा वाटा आहे.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे टेबलावर ठेवायला सांगितली, ती रत्तूंनाच. सकाळी सुदामा त्यांना बोलवायला धावत आला. त्या शेवटच्या रात्रीविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे रत्तूंनी लिहून ठेवले म्हणूनच माहीत आहे. काफिला पुढे नेता आला नाही तर निदान मागे तरी जाऊ देऊ नका, या अर्थाचा जो निरोप गावोगावच्या विहारांत लिहिलेला दिसतो, तोही आपल्यापर्यंत रत्तूंच्याच आठवणींतून आला. खाली बाबासाहेबांचे नाव असते, ते योग्यच आहे. ज्याने तो ऐकून जपून ठेवला त्याचे नाव मात्र आम्ही कुठल्या भिंतीवर पाहिलेले नाही.

रत्तूंनी आपल्या आठवणींची पुस्तके लिहिली, त्यातले बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांवरचे १९९७ साली आले. १५ सप्टेंबर २००२ रोजी ते गेले.

न छापलेली प्रस्तावना

त्या रात्री टेबलावर ठेवलेल्या प्रस्तावनेची गोष्ट आपल्या माता-भगिनींनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. पण बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती. तिच्यात त्यांनी लिहिले होते की, ग्रंथ लिहिताना प्रकृती इतकी ढासळली होती की डॉक्टरांनी आशा सोडावी. ती विझू लागलेली ज्योत पुन्हा पेटली ती आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. एवढ्या मोठ्या पुरुषाने आपल्या हाताने लिहिलेले आभार, आणि तेच लोकांपुढे आले नाहीत!

माईसाहेबांचे माहेरचे नाव शारदा कबीर. सारस्वत ब्राह्मण घराण्यातल्या. १९३७ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार झाले होते, राज्यघटनेच्या मसुद्याचे काम डोक्यावर होते, अशा काळात १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने त्यांचा विवाह झाला. पुढची साडेआठ वर्षे पथ्य, इंजेक्शने, रात्रीची जागरणे हे सारे या बाईंनी पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा शेजारी त्याच होत्या.

त्यानंतर आठ आठवडेही झाले नाहीत आणि त्या विधवा झाल्या. तेव्हा त्यांचे वय ४७. दुःख करायलाही कुणी त्यांना उसंत दिली नाही. संशयाची कुजबुज सुरू झाली. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचे जाहीर केले, तरी कुजबुज थांबली नाही. चाळीतल्या नळावर, सभेच्या मांडवामागे, दोन पिढ्या ती चालत राहिली. त्या जन्माने ब्राह्मण, एवढाच पुरावा पुष्कळांना पुरेसा वाटला. जन्मावरून माणूस ठरवू नये हे शिकवणाऱ्या महामानवाच्या पत्नीच्या वाट्याला हे यावे, याची खंत आम्हाला वाटते आणि ती आम्ही लपवणार नाही. सत्तरच्या दशकात दलित पँथरच्या तरुण पोरांनी त्यांना पुन्हा आपल्यात आणले, व्यासपीठावर बसवले, ही त्या पोरांच्या खात्यात जमा असलेली मोठी गोष्ट आहे.

१९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेव्हा ते राष्ट्रपतींच्या हस्ते माईसाहेबांनी स्वीकारले. त्याच वर्षी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचे आत्मचरित्र आले. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू त्यांनी पुण्यातल्या सिम्बायोसिस संस्थेला दिल्या. सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात त्या आजही पाहता येतात. पुण्याला कुणा नातेवाइकाकडे गेलात तर पोराबाळांना घेऊन एक दुपार तिथे घालवा. एखाद्या बाईने साऱ्या जगाचे बोलणे खात या वस्तू इतकी वर्षे सांभाळायच्या म्हणजे काय, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

रत्तूंच्या पुस्तकात माईसाहेबांविषयी कडवट मजकूर आहे, हेही सांगितले पाहिजे. माईसाहेबांच्या पुस्तकात त्यांची बाजू आहे. ज्याला सवड असेल त्याने दोन्ही वाचावीत. एकाच घरातल्या दोन माणसांना एकच दिवस दोन तऱ्हेने दिसतो, हे आपल्या घरातल्या सासू-सुनांना कुणी समजावून सांगायला नको.

मग ती प्रस्तावना बाहेर आली कशी? ती प्रसिद्ध केली भगवान दास यांनी, १९८० साली. शिमल्याजवळच्या जतोग छावणीत, सफाई कामगार समाजात जन्मलेला हा माणूस. तरुणपणी बाबासाहेबांच्या हाताखाली त्यांनी संशोधनाचे काम केले आणि पुढे आयुष्यभर बाबासाहेबांची भाषणे शोधून, जमवून छापली. त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग १९६३ साली जालंधरहून निघाला. तेव्हा सरकारी खंडांचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. १९८३ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे अस्पृश्यतेचा प्रश्न त्यांनी मांडला. २०१० मध्ये तेही गेले. म्हणजे ज्याला ती प्रस्तावना टेबलावर ठेवायला सांगितली तो, जिच्याविषयी ती लिहिली ती, आणि ज्याने ती लोकांपुढे आणली तो, असे तिघेही याच एका दशकात आपल्यातून निघून गेले.

पेट्यांतले कागद

बाबासाहेबांच्या मागे त्यांचे अप्रकाशित लेखन पेट्यांत बंद होते. आधी दिल्लीत कोर्टाच्या ताब्यात, नंतर महाराष्ट्र सरकारच्या प्रशासकाच्या ताब्यात. वर्षामागून वर्षे गेली. कागद पिवळे पडतात, कडा तुटतात, वाळवी काही नाव विचारून येत नाही. हे सारे समाजापुढे यावे म्हणून कार्यकर्ते सरकारदरबारी आणि कोर्टात झगडले, सरकारने समिती नेमली आणि १९७८ साली त्या कामावर वसंत मून यांची नेमणूक झाली.

मून नागपूरच्या महारपुऱ्यातले. आईच्या कष्टावर वाढलेला, समता सैनिक दलात घडलेला मुलगा शिकून सरकारी अधिकारी झाला. त्यांचे 'वस्ती' हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना नागपूरची ती गल्ली, तिथले कुस्तीगीर, तिथले भांडण आणि तिथली माया डोळ्यांपुढे दिसेल. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला आणि मून यांच्या संपादनाखाली एकूण सोळा खंड आले. सुटी पाने जुळवायची, कोणते पान कुठल्या प्रकरणाचे ते ठरवायचे, खोडलेला शब्द भिंगातून वाचायचा, असे ते काम. सरकारी खात्यात असे काम वाट्याला आले की पुष्कळजण बदलीची वाट पाहतात. मून यांनी त्यालाच आयुष्य दिले.

चौथ्या खंडाच्या वेळी काय रणकंदन झाले ते आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना सांगायला नको. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली छापले गेले आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून विरोध पेटला. ते वगळू नये म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा जो अफाट मोर्चा निघाला, त्यात घरे बंद करून लेकुरवाळ्या बायाही चालल्या होत्या. मजकूर राहिला. सरकारने आपण त्याच्याशी सहमत नसल्याची टीप जोडली, एवढेच. २००२ साली मून गेले, तेव्हा सतरावा खंड यायचा होता.

छापील पान काय करू शकते याचे एक उदाहरण याच दशकातल्या दुसऱ्या निधनाने आठवते. कांशीराम यांनी बाबासाहेबांना कधी पाहिले नव्हते. पंजाबचा हा तरुण पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. तिथे जयंतीच्या सुट्टीसाठी दीनाभाना नावाचा चतुर्थश्रेणी कामगार वरिष्ठांशी भांडला, त्या भांडणात कांशीराम पडले, आणि त्याच काळात सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हाती जातिसंस्थेच्या उच्चाटनावरचे बाबासाहेबांचे पुस्तक दिले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ९ ऑक्टोबर २००६ रोजी दिल्लीत ते गेले. त्यांच्या राजकारणाविषयी आपल्यात दोन मते आहेत आणि असू द्यावीत. पण एक पुस्तक एका नोकरदाराच्या हातात पडते तेव्हा काय होऊ शकते, याविषयी दुमत नसावे.

लेखकांपैकी शंकरराव खरात २००१ मध्ये गेले. आटपाडीच्या तराळाचा हा मुलगा वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि 'तराळ अंतराळ' लिहून बापाच्या हातातली घुंगरकाठी त्याने मराठी साहित्यात आणून ठेवली. बाबुराव बागूल २६ मार्च २००८ ला नाशिकात गेले. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' विषयी एका परिच्छेदात लिहिणे अन्यायाचे होईल.

शेवटच्या कडव्यातले नाव

आणि वामनदादा. १५ मे २००४ ला नाशिकमध्ये वामनदादा कर्डक गेले आणि त्यानंतर सव्वा महिन्याने, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. एकाच उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांचे शब्द आणि स्वर दोन्ही गेले, असे तेव्हा लोक म्हणाले ते खोटे नव्हते. प्रल्हाददादांचा तो पहाडी आवाज पंढरीच्या वाटेवरच्या टपरीतही वाजतो आणि आपल्या जयंतीच्या मांडवातही. ज्याने विठ्ठलाची गाणी गायिली त्याने भीमाचीही गायिली. कुणाच्या घरी कोणती कॅसेट लागते यावर आपल्याकडे वादही झाले. वाद घालणारे दोघेही गाणे मात्र शेवटपर्यंत ऐकत, हे आम्ही पाहिले आहे.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत आले, गिरणीत आणि मिळेल त्या कामावर राबले. मोठे होईपर्यंत अक्षरओळख नव्हती. मोठेपणी शिकले आणि १९४३ पासून गाणी लिहू लागले ती हजारोंच्या घरात गेली. गावोगाव पायी, एसटीने, बैलगाडीने जायचे, मिळेल तिथे मुक्काम, मिळेल ती भाकरी. बाबासाहेबांचे ग्रंथ ज्यांना वाचता येत नव्हते त्या आपल्या आज्यांना आणि चुलत्यांना बाबासाहेब समजले ते या गाण्यांतून. पाण्याचा सत्याग्रह, घटना, धम्मदीक्षा, पोरांच्या शाळेचे महत्त्व, दारूचे वाटोळे, सगळे त्यात आले.

त्यांच्या गाण्यांचे काही संग्रह छापले गेले, पण कितीतरी गाणी गायन पार्ट्यांच्या वह्यांत उतरलेली होती. शंभर पानी, रेघांची वही, वर मेणकापडाचे वेष्टण, आत वेगवेगळ्या शाईने लिहिलेली गाणी. बाज्यावाला म्हातारा झाला, पोरगा कंपनीत लागला, वही माळ्यावर गेली. कुणाच्या घरी अशी वही असेल तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहावी. प्रत्येक गाणे वामनदादांचेच असेल असे नाही. पण ओळखायची खूण सोपी आहे. दादा शेवटच्या कडव्यात आपले नाव घालीत, जुन्या संतांसारखे. गाणे छापणाऱ्याने नाव गाळले, गाणाऱ्याने सांगितले नाही, तरी कडवे नाव सांगते. आता मोबाईलवर गाणी लागतात, वर गायकाचे नाव येते, कंपनीचे येते. जयंतीच्या मिरवणुकीत तर दोन कडवी झाली की डीजेवाला पुढचे गाणे लावतो, आणि 'वामन' हा शब्द यायचा राहून जातो.