चौदा कोटींचं जहाज कसं बुडालं

२००२ सालच्या नोव्हेंबरची २७ तारीख. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुटी लागलेली, म्हणजे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर एकत्र थिएटरात जाण्याचे दिवस. त्या बुधवारी डिस्नेने 'ट्रेझर प्लॅनेट' लावला. निर्मितीखर्च १४ कोटी डॉलर. शुक्रवार ते रविवार गल्ला जमला १ कोटी २० लाख. लवकरच कंपनीने आधी जाहीर करून टाकलेला तिमाही नफा सुधारून खाली आणला आणि या एका सिनेमापोटी ७ कोटी ४० लाख डॉलरवर पाणी सोडल्याचं सांगितलं. सिनेमा अजून थिएटरात चालू होता. खेळ संपायच्या आत निर्मात्यानेच श्राद्ध घालावं, असा हा प्रकार.

सिनेमा इतका टाकाऊ होता का? मुळीच नाही. बेन नावाचा बडबड्या यंत्रमानव थोडा सहन करावा लागतो; तेवढं सोडलं तर चित्र डोळ्यांत भरणारं आहे. समीक्षकांनीही बऱ्यापैकी बरं लिहिलं, ऑस्करच्या नामांकनांत नाव आलं, आणि पुरस्कार मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला गेला यात तर लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही जगभर मिळून गल्ला अकरा कोटींच्या आत राहिला. त्यातले अमेरिकेतले जेमतेम ३ कोटी ८० लाख.

आणि गल्ला म्हणजे स्टुडिओच्या हातात पडणारे पैसे नव्हेत. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाला ठेवतो. चीनसारख्या ठिकाणी तर परदेशी स्टुडिओला पंचवीस टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. वर जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेलाच नसतो. म्हणून 'वीस कोटी लावले, वीस कोटी आले, निदान मुद्दल तरी सुटलं' असं कुणी म्हणालं, तर समजावं की त्याने निर्मात्याची वही पाहिलेली नाही.

पण हे जहाज बुडालं ते २००२ मध्ये नव्हे. त्याची भोकं खूप आधी पडलेली होती.

स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' अंतराळात नेऊन ठेवायची ही कल्पना दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स यांनी डिस्नेत पहिल्यांदा मांडली ती १९८५ मध्ये. त्याच बैठकीत त्यांनी 'द लिटिल मर्मेड'चीही कल्पना मांडली होती. मत्स्यकन्या पुढे गेली, खजिना मागे राहिला. स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांना तो काही पटेना. क्लेमेंट्स आणि त्यांचे जोडीदार जॉन मस्कर यांनी 'अल्लादिन' दिला, 'हर्क्युलिस' दिला, आणि एवढी पुण्याई गाठीशी बांधल्यावर कुठे होकार मिळाला. तोवर कॅट्झनबर्ग स्वतः डिस्ने सोडून ड्रीमवर्क्समध्ये गेले होते.

होकार मिळाल्यावर मात्र मंडळींनी जीव ओतला. लाँग जॉन सिल्व्हर या लंगड्या खलाशाचा त्यांनी अर्धा माणूस, अर्धं यंत्र केला. माणूस ग्लेन कीन कागदावर पेन्सिलीने काढणार. यांत्रिक हात एरिक डॅनियल्स संगणकावर हलवणार. दोघांचा सांधा दिसता कामा नये. हे जमेल का, हे पाहायला त्यांनी १९५३च्या 'पीटर पॅन'मधला कॅप्टन हुकचा जुना तुकडा काढला, त्याचा हात पुसला आणि तिथे संगणकातला यांत्रिक हात बसवून पाहिला. जमलं. मग सिनेमाभर हा हात स्वयंपाक करतो, तलवार होतो, पोराच्या खांद्यावर मायेने पडतो, आणि कुठेही सांधा दिसत नाही. असं काम बघताना मजा येते. त्याचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येत असतं.

या सगळ्यात वर्षं गेली, आणि दरम्यान वरात पुढे निघून गेली. १९९५च्या 'टॉय स्टोरी'नंतर पोरांचा डोळा संगणकातल्या त्रिमित चित्रांना सरावला. २००१ मध्ये 'श्रेक' आला. २००२च्या मार्चमध्ये ब्लू स्काय या लहान स्टुडिओचा 'आइस एज' आला. खर्च ६ कोटींच्या आत, गल्ला ३८ कोटी. दुसरीकडे अंतराळातल्या आणि साहसाच्या कार्टूनचं काय होतं, हेही दिसून गेलं होतं. फॉक्सचा 'टायटन ए.ई.' २००० मध्ये असा आपटला की त्यांनी ॲरिझोनातला आपला ॲनिमेशन स्टुडिओच बंद केला. डिस्नेच्या स्वतःच्या 'अटलांटिस'ने २००१ मध्ये निराशाच केली. बारा-तेरा वर्षांच्या पोराला कार्टून म्हणजे धाकट्या भावंडांची गोष्ट वाटते, आणि धाकट्या भावंडांना यंत्राच्या डोळ्याचा चाचा नको असतो. हे २००१ मध्ये कळलंही असेल. पण तोवर निम्मं जहाज बांधून झालं होतं. ते मोडायचं कसं?

त्यात तारीख. बारा दिवस आधी हॅरी पॉटरचा दुसरा भाग लागलेला, पाच दिवस आधी नवा जेम्स बाँड. सांताक्लॉजचा सिनेमाही चालू होता, आणि तो खुद्द डिस्नेचाच.

त्याच वर्षी, त्याच कंपनीत उलटंही घडलं. डिस्नेची फ्लोरिडात एक शाखा होती. तिथे ख्रिस सँडर्स आणि डीन डीब्लॉइस यांनी 'लिलो अँड स्टिच' केला. हवाईतल्या दोन अनाथ बहिणी आणि एक खोडकर परग्रहवासी. खर्च ८ कोटी. पार्श्वभूमीला जलरंग, जे डिस्नेने १९४०च्या दशकानंतर जवळजवळ सोडूनच दिले होते. मुख्यालयापासून लांब असल्यामुळे वरिष्ठांची ढवळाढवळ कमी. गल्ला २७ कोटींच्या वर. दोन्ही सिनेमे हाताने काढलेले, दोन्हींत परग्रहवासी, दोन्हींवर एकाच कंपनीचं नाव. म्हणजे 'हातचित्रांचा जमाना संपला' हे निदान पूर्ण खरं नव्हतं. तरी डिस्नेने धडा घेतला तो हाच. ड्रीमवर्क्सनेही २००३ मध्ये 'सिंदबाद' पडल्यावर पेन्सिली ठेवून दिल्या. दोष पेन्सिलीचा नव्हता, खर्चाचा होता. पण पेन्सिलीला संघटना नसते.

खर्च एवढा चढतो कसा? साध्या सिनेमात दिग्दर्शक भरपूर चित्रण करतो आणि संकलनाच्या टेबलावर नको ते कापतो. ॲनिमेशनमध्ये ही चैन परवडत नाही. नव्वद मिनिटांच्या सिनेमात सेकंदाला २४ याप्रमाणे १,२९,६०० चौकटी पडद्यावरून जातात आणि त्यातली एकही आपोआप मिळत नाही. म्हणून संकलन आधी करतात: कच्च्या रेखाचित्रांचा अख्खा सिनेमा, तात्पुरत्या आवाजांसह. तो बघायचा, मोडायचा, पुन्हा जोडायचा. हे पेन्सिलीवर चाललंय तोवर स्वस्त असतं. शेकडो लोक पगारावर बसल्यानंतर कथा फिरली, की मीटर पडायला लागतं.

पिक्सारच्या 'द गुड डायनासोर'चं हेच झालं. कथेचं घोडं पेंड खायला लागल्यावर दिग्दर्शक बॉब पीटरसन यांच्या जागी पीटर सोन आले, बहुतेक कलाकारांचे आवाज बदलले, प्रदर्शन २०१४ वरून २०१५ वर गेलं. जगभर ३३ कोटी मिळूनही तो पिक्सारचा पहिला तोट्याचा सिनेमा गणला गेला. तेहतीस कोटी! एवढ्यात एखाद्या चिमुकल्या स्टुडिओने पिढ्यान्पिढ्यांची सोय केली असती. पॅरिसमध्ये चित्रं करून घेणाऱ्या इल्युमिनेशनने 'डेस्पिकेबल मी' सात कोटींच्या आत उरकून ५४ कोटी मिळवले होते.

पण काटकसर केली की झालं, असंही नाही. वॉर्नर ब्रदर्सचा 'द आयर्न जायंट' १९९९ मध्ये मोठ्या खर्चाचा नव्हताच. चाचणी प्रयोगांत लोकांनी डोक्यावर घेतला. पण आदल्या वर्षी 'क्वेस्ट फॉर कॅमेलॉट'मध्ये हात पोळलेल्या स्टुडिओने जाहिरातीची तयारी वेळेत केलीच नाही. बर्गरच्या दुकानांतली भेटवस्तूही नाही. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांचा तो पहिला सिनेमा सुमारे ३ कोटींवर थांबला आणि मग घराघरांतल्या टीव्हीवर अजरामर झाला. याच्या नेमका उलटा २०११चा 'मार्स नीड्स मॉम्स'. १५ कोटी खर्च, जगभर ४ कोटींच्या आत. अभिनेत्यांच्या हालचाली यंत्राने टिपून केलेले ते चेहरे ना धड माणसांचे, ना धड चित्रांचे. डिस्नेने तर तो करणारा स्टुडिओ बंद करायचा निर्णय सिनेमा लागायच्या वर्षभर आधीच घेतला होता. त्याच्यासाठी मला हळहळ वाटत नाही.

अलीकडची कथा वेगळी आहे आणि तिचा खलनायक दिवाणखान्यात बसलाय. करोनाच्या काळात डिस्नेने पिक्सारचे 'सोल', 'लूका' आणि 'टर्निंग रेड' असे तीन सिनेमे सरळ आपल्या ओटीटीवर सोडले. तिसऱ्याच्या वेळेला, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, थिएटरं उघडलेली होती. त्याआधी 'एन्कॅन्टो' थिएटरात लागला आणि महिनाभरात घरी आला. थिएटरात चालला बेताचाच, घरी मात्र त्यातलं ब्रूनोचं गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पालकांनी यातून काढायचा तो निष्कर्ष काढला. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग यांचा हिशेब पुण्यातल्या आईबापांना जसा कळतो तसाच ओहायोतल्यांना. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला 'स्ट्रेंज वर्ल्ड' जगभर मिळून साडेसात कोटींपर्यंतही पोचला नाही आणि ख्रिसमसच्या आत ओटीटीवर आला. तो लागून गेला हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

२०२३च्या 'एलिमेंटल'ची सुरुवातही अशीच रडतखडत, २ कोटी ९६ लाखांनी झाली. लोकांनी मयत ठरवलं. पण हा सिनेमा तोंडी शिफारशीवर आठवड्यामागून आठवडे चालत राहिला, कोरियात तर धो धो चालला, आणि जवळपास ५० कोटींवर पोचला. दिग्दर्शक पुन्हा पीटर सोनच. त्यांच्या आईवडिलांचं कोरियातून न्यूयॉर्कला येऊन दुकान थाटणं हेच कथेचं मूळ. 'एलिओ'ला मात्र हे भाग्य लाभलं नाही. मधेच दिग्दर्शक बदलले, तारीख वर्षाहून अधिक पुढे गेली, आणि जून २०२५ मध्ये पहिल्या तीन दिवसांत २ कोटी ८ लाख. पिक्सारच्या इतिहासातली सर्वांत कमी सुरुवात. तेव्हा शेजारच्या पडद्यावर काय चालू होतं? 'लिलो अँड स्टिच'ची खऱ्या माणसांची नवी आवृत्ती, जी मुळात ओटीटीसाठी योजली होती. तिने १०० कोटींचा टप्पा ओलांडला.

म्हणजे लोक थिएटरात येत नाहीत असं नाही. ओळखीच्या घरी येतात. २०२४च्या 'इनसाइड आउट २'ने १६९ कोटी डॉलर नेले. चीनचा 'नेझा २' दोनशे कोटींच्या वर गेला, तोही देवाच्या जुन्या कथेवरचा पुढचा भाग. आपल्याकडे २०२५ मध्ये एकही मोठा तारा नसलेल्या 'महावतार नरसिंह'ने तीनशे कोटी रुपयांच्या वर धंदा केला. प्रल्हादाची गोष्ट कुणाला जाहिरातीतून सांगावी लागली नाही. अनोळखी कथेला ती जाहिरात करावीच लागते, आणि नेमका तिथेच हात आखडता घेतला जातो.

स्टुडिओंनी यावरचं उत्तर काढून ठेवलंय. 'टॉय स्टोरी'चा पाचवा भाग, 'इन्क्रेडिबल्स'चा तिसरा, 'फ्रोझन'चा तिसरा, 'कोको'चा दुसरा, असं सगळं जाहीर झालंय. त्या रांगेत एक नवी गोष्टही आहे: 'लूका'चे दिग्दर्शक एन्रिको कासारोसा यांचा 'गातो', व्हेनिसमधल्या एका काळ्या मांजराचा, रंगवलेल्या चित्रासारखा दिसणारा. तो २०२७ मध्ये यायचा आहे. मांजराला तोवर कुठला बाजार भेटणार, हे आज त्याच्या मिशा रंगवणाऱ्यांच्या हातात नाही. पण एकूण बिल किती होणार, ते मात्र बरंचसं आधीच ठरतं.