डीव्हीडीवरील प्रदेशबंधन आणि अभ्यासकाचा संगणक

परदेशात विकत घेतलेली चित्रपटाची डीव्हीडी भारतातील संगणकावर पुष्कळदा चालत नाही. तबकडी सदोष असते असे नव्हे; तिच्यावर प्रदेशाचे बंधन नोंदविलेले असते. या पद्धतीत जगाचे सहा विक्रीप्रदेश कल्पिले आहेत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा पहिल्या प्रदेशात, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्यात, तर भारत पाचव्यात मोडतो. चित्रपट निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळी प्रदर्शित होत. एकीकडील तबकडीने दुसरीकडील उत्पन्न बुडू नये, हा या योजनेचा हेतू होय.

आरंभीच्या ड्राइव्हच्या बाबतीत ही तपासणी संगणकातील प्रणालीवर सोपविलेली असे. सन २००० पासूनच्या नव्या ड्राइव्हमध्ये ती यंत्रातच अंतर्भूत झाली. अशा ड्राइव्हचा प्रदेश वापरणारास केवळ ५ वेळा बदलता येतो; त्यानंतर अखेरचा प्रदेश कायम राहतो. बदलांची ही गणना ड्राइव्हच्या स्वतःच्या स्मृतीत साठविलेली असल्यामुळे संगणकाची प्रणाली नव्याने बसविली तरी ती पुसली जात नाही.

सबब, अमेरिकी व भारतीय तबकड्या आळीपाळीने पाहणाऱ्या अभ्यासकाचे बदल लवकरच संपतात, आणि संग्रहाचा एक भाग त्यास कायमचा बंद होतो. यावर निर्वेध उपाय म्हणजे प्रत्येक प्रदेशासाठी स्वतंत्र ड्राइव्ह राखणे. दुसरा ड्राइव्ह बाहेरून जोडता येतो. सर्व प्रदेशांस मोकळ्या असलेल्या तबकड्यांना मात्र ही अडचण नाही. म्हणून ग्रंथालयाने खरेदीपूर्वीच वेष्टनावरील प्रदेशांक पाहणे इष्ट ठरते.