विश्लेषण : उसातल्या उंदरांना पावसाची वाट का पाहावी लागत नाही?

इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे नीरा आणि भीमा यांचा संगम आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या या तीर्थक्षेत्राच्या परिसरात काळी जमीन आणि बागायती ऊस. अशा पट्ट्यात तोडणी सुरू झाली की फडातून उंदीर पळतात. ते सगळे एकाच जातीचे मात्र नसतात.

कोण कुठे राहते?

उसाचे मोठे नुकसान करते ती लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस. तिच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. ती आत धान्य साठवते आणि उत्तम पोहते, त्यामुळे ओली जमीन तिला मानवते. मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेल्टाडा, खोदण्याच्या बाबतीत जरा आळशीच. काळ्या रानातल्या भेगा त्याला पुरतात. बांधावर राहणारा मस बूडुगा तर जेमतेम १० ग्रॅमचा. आफ्रिकेतला पिटुकला उंदीर, मस मिनुटॉइडस, हा त्याच्याच कुळातला.

पाण्याने काय बदलले?

टांझानियातील मक्याच्या शेतांत मॅस्टोमिस नाटालेन्सिस या उंदराची वीण पावसाशी बांधलेली असते. पाऊस पडला, गवत-बी आले, की पिल्ले वाढतात. कोरड्या दिवसांत वीण थंडावते. जिरायती रानातही साधारण असेच चक्र चालते. नीरा डावा कालवा, उजनी धरण आणि नदीवरील उपसा यांमुळे बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात ते मोडले. आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा असतो. म्हणजे ओल, अन्न आणि आडोसा उन्हाळ्यातही मिळतो. लोळलेल्या उसात तर पाचटाखाली घुबडाची नजरही पोहोचत नाही. कुरतडलेल्या कांड्यांतून पुढे रोग शिरतो, हे नुकसान वेगळेच.

मग विष का पुरत नाही?

झिंक फॉस्फाईडचे आमिष थोडेसे खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी काही दिवस बिनविषारी आमिष द्यावे लागते. ब्रोमाडिओलोनने उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर मंदावलेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर विष त्याच्याही पोटात जाते. अपशकुनी म्हणून हाकलला जाणारा हा पक्षी रात्रभर उंदीरच टिपत असतो.

शिवाय एकट्याने बिळे बुजवून भागत नाही. बांधापलीकडचे उंदीर रिकाम्या जागेत येतात, आणि शेजारचा ऊस तुटला की त्यांचा मोर्चा आपल्या गव्हाकडे वळतो. त्यामुळे मोहीम सगळ्या शिवारात एकाच आठवड्यात, शक्यतो पावसाळ्याआधी घ्यावी लागते.