इनामगावची पांढर

शिरूर तालुक्यातील इनामगाव हे घोड नदीच्या उजव्या तीरावरील लहानसे गाव होय. थोर राजाची राजधानी वा गाजलेली लढाई यांच्याशी त्याचे नाव जोडलेले नाही. तथापि त्याच्या शिवारातील वस्तीचा वृत्तान्त साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून सांगता येतो, आणि तो कागदावर नसून मातीत आहे.

काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढर म्हणजे वस्तीची, हा भेद खेड्यातील मुलास शिकवावा लागत नाही. पडलेल्या भिंती, चुलीतील राख, शेण, हाडे व खापरे यांचे थर साचत गेले की जमीन उंचावते आणि माती फिकट राखी दिसू लागते. इनामगावी अशी पाच टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८० नंतरपर्यंत ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. एका खेड्याचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या देशात क्वचितच झाला असेल.

पहिले शेतकरी येथे इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास आले. त्यांची मातीची खापरे माळव्यातील खापरांसारखी आहेत. इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास जोर्वे पद्धतीची भांडी प्रचारात आली. संगमनेरजवळील जोर्वे गावावरून त्यांस हे नाव पडले. तांबडी, काळ्या रंगात रेखाटलेली ही भांडी इतकी पक्की भाजलेली असत की त्यांच्या खापरावर टिचकी मारली असता धातूसारखा नाद उमटतो.

हा काळ भरभराटीचा होता. घरे चौकोनी व ऐसपैस होती. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर व लगत धान्याचे कोठार आढळले. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. मृतांस घराच्या जमिनीखाली वा अंगणात पुरीत. लहान मुलांस तोंडास तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवीत. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा.

परंतु शिरूर-दौंडकडील शिक्षकांस अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. हा अवर्षणाचा प्रदेश. जोर्वे काळातील गावकऱ्यांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी दगडमातीचा बांध घातला व सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद असा पाट खोदला. लोखंड त्यांस ठाऊक नव्हते आणि तांबेही दुर्मीळ होते. तरी हे काम त्यांनी तडीस नेले. एका कुटुंबाच्या आवाक्यातील ते काम नव्हते. जव हे त्यांचे मुख्य पीक. जोडीस गहू व कडधान्ये असत.

इ. स. पूर्व १००० नंतर पाऊसमान घटले, असे मानले जाते. ऐसपैस घरांच्या जागी लहान, वाटोळ्या झोपड्या दिसू लागल्या. शेतीचा आधार सुटत गेला, शिकार व पशुपालन यांवर भिस्त वाढली. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. त्यामुळे आजचे इनामगाव त्या वस्तीचे सलग रूप समजू नये. दौंड तालुक्यात मुळा-मुठा व भीमा यांच्या संगमानजीक वाळकी येथेही या उतरत्या काळातील छोटी वस्ती सापडली आहे.

अशी टेकाडे नदीकाठी इतरत्रही असतात. धाब्याच्या छतासाठी व शेतास खत म्हणून पांढरीची माती नेण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्यात शेतकऱ्यास दोष देता येत नाही. कारण त्या मातीत काय आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. एकदा थर उलटले की कोणते खापर आधीचे व कोणते नंतरचे, हे विद्वानासही सांगता येत नाही. मुलांनी टेकाडावर खणू नये. नांगरटीत वर आलेले खापर शाळेत आणल्यास ते कोणत्या शेतात मिळाले, याची चिठ्ठी त्यास बांधून ठेवावी. इनामगावी सापडलेल्या वस्तू पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत.